बेहड्यात दडलेला कली
काळाचे हिशेब : लेखांक सहावा

त्रिफळा चूर्णात तीन फळं असतात : हरडा, आवळा आणि बेहडा. पहिल्या दोघांचं कौतुक आयुर्वेदाने तोंडभरून केलं आहे. बेहडाही औषधीच, पण त्याच्या वाट्याला एक विचित्र बदनामी आली. संस्कृतात त्याचं एक नाव ‘कलिद्रुम’. म्हणजे कलीचं झाड.

हे नाव का पडलं, याची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. दमयंतीच्या स्वयंवराला निघालेल्या कलीला उशीर होतो. तोवर तिने नलाला वरलेलं असतं. चिडलेला कली नलाच्या हातून काही चूक घडण्याची बारा वर्षं वाट पाहतो. एके दिवशी नल पाय न धुताच संध्येला बसतो आणि कली त्याच्या अंगात शिरतो. त्याचा साथीदार द्वापर शिरतो फाशांत. नल राज्य हरतो, बायकोला रानात सोडून जातो, शेवटी अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होतो. एकदा वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून दाखवतो आणि ती विद्या, ‘अक्षहृदय’, नलाला शिकवतो. विद्या येताच कली नलाच्या अंगातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात जाऊन लपतो. अंगात कली शिरला, असं मराठीत आजही म्हणतात. भांडणं लावणाऱ्याला ‘कळीचा नारद’ म्हणतात, त्या कळीचं मूळही इथलंच : कली म्हणजे कलह.

पण जुगार शिकवणारी विद्या, फाशांत शिरलेला द्वापर आणि बेहडा हे तिन्ही एकाच गोष्टीत कसे आले? कारण वैदिक काळातला जुगार बेहड्याच्या फळांनीच चालायचा. ढिगातून मूठभर फळं उचलायची आणि चारचारने मोजायची, असा त्याचा ढोबळ प्रकार. बाकी काही उरलं नाही तर ‘कृत’, तीन उरली तर ‘त्रेता’, दोन उरली तर ‘द्वापर’. एकच उरलं तर ‘कली’, म्हणजे सगळ्यात पडेल दान. ज्या नावांनी आज आपण लाखो वर्षांचे कालखंड ओळखतो, ती मुळात जुगाऱ्यांच्या बोलीतली आहेत. ‘सत्ययुग’ हे सोवळं नाव नंतरचं. आधीचं कृतयुग म्हणजे सरळ जिंकलेला डाव.

ऐतरेय ब्राह्मणात ही चार नावं युगांना जोडलेली दिसत नाहीत. वरुणाला बळी द्यायचा म्हणून रानात पळालेला हरिश्चंद्राचा मुलगा रोहित थकून घरी परतू पाहतो, तेव्हा ब्राह्मणाच्या वेशातला इंद्र त्याला चालत राहायला सांगतो. निजलेला माणूस कली, उठून बसणारा द्वापर, उभा राहणारा त्रेता आणि चालणारा कृत, असा त्याचा दाखला. म्हणजे या चारही अवस्था एकाच माणसात, एकाच सकाळी पुऱ्या होतात.

तिथून लाखांच्या आकड्यांपर्यंतचा प्रवास मोठा गमतीचा आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात आणि महाभारतात मूळ आकडे आटोपशीर आहेत. संधिकाळ धरून कृत ४,८०० वर्षं, त्रेता ३,६००, द्वापर २,४०० आणि कली १,२००, बेरीज १२,०००. प्रमाण तेच, फाशांचं : चार, तीन, दोन, एक. पुढे ही वर्षं देवांची आहेत असं ठरलं. देवांचा एक दिवस म्हणजे माणसाचं एक वर्ष, म्हणून प्रत्येक आकड्याला ३६० ने गुणलं. कलियुग झालं ४,३२,००० वर्षांचं, चारही युगं मिळून ४३,२०,००० वर्षांची, आणि अशी हजार चतुर्युगं म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं आहे हे कळल्यापासून हा आकडा अनेकांना ऋषींच्या दिव्यदृष्टीचा पुरावा वाटतो. गुणाकार उलगडून पाहिला की तो उत्साह ओसरायला हवा. बाबिलोनी पुरोहित बेरोसस यानेही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात प्रलयाआधीच्या दहा राजांचा काळ ४,३२,००० वर्षांचाच दिला होता. साठाच्या पटीत हिशेब करणाऱ्यांच्या हाती हा आकडा सहज लागतो.

कलियुग सुरू झालं ते इ.स.पूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीत, हे आपल्याला मिळतं ते ज्योतिषगणितातून. आर्यभटाने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की कलीची ३,६०० वर्षं सरली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. इ.स. ४९९ हे ते साल. त्याचा जन्म ४७६ चा, हे याच हिशेबातून निघतं. गंमत म्हणजे या गणितीने चारही युगं सारखी धरली, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची. ग्रहांच्या फेऱ्या मोजायला त्याला समान पाव भाग सोयीचे होते; धर्म एकेक पायाने लंगडत जातो याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये त्याला यावरूनच धारेवर धरलं : हे स्मृतीत नाही!

आर्यभटाच्या ग्रंथानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांत हा हिशेब दगडावर आला. ऐहोळेच्या मेगुती जिनालयात रविकीर्ती या कवीने चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरवून घेतली. पुलकेशीला तीन ‘महाराष्ट्रकां’चा आणि त्यातल्या ९९,००० गावांचा धनी म्हणणारा हाच तो लेख. त्यात काळ दोन तऱ्हांनी दिला आहे : भारतीय युद्धापासून ३,७३५ वर्षं आणि शकाची ५५६. वजाबाकी करून पाहा, ३,१७९ येतात. आजच्या पंचांगातही शकात ३,१७९ मिळवले की गतकली मिळतो. शके १९४७ म्हणजे कलीची ५,१२६ वर्षं सरली, ४,२६,८७४ शिल्लक आहेत.

जुन्या मराठी पंचांगांच्या सुरुवातीला कलियुगातल्या सहा शककर्त्यांची यादी असते, ती बहुतेकजण न वाचताच पान उलटतात. युधिष्ठिराचा शक ३,०४४ वर्षं, विक्रमाचा १३५, पैठणच्या शालिवाहनाचा १८,०००, पुढे विजयाभिनंदनाचा १०,०००, नागार्जुनाचा ४,००,००० आणि शेवटच्या कल्कीचा ८२१. बेरीज बरोबर ४,३२,०००, एक वर्ष इकडे नाही की तिकडे नाही. पहिल्या दोघांची बेरीज तीच, ३,१७९. अजून जन्माला न आलेल्या राजांचे हिशेबही चोख लिहून ठेवणारा हा कारकुनी बाणा पाहिला की हसू येतं आणि थोडा आदरही वाटतो.

३६० च्या गुणाकारावर आधुनिक काळात दोघांनी बोट ठेवलं, दोन वेगळ्या हेतूंनी. श्रीयुक्तेश्वर गिरी यांनी १८९४ मध्ये पंचांगकर्त्यांची चूक झाली असं मांडलं. कली १,२०० वर्षांचाच, तो सतराव्या शतकाअखेर संपला आणि आता चढतं द्वापर चालू आहे, असा त्यांचा दिलासा. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या ‘आर्क्टिक होम’मध्ये कृतारंभापासूनची दहा-बारा हजार वर्षं मानवी वर्षंच धरली आणि त्यांची सांगड हिमयुगाच्या अखेरीशी घातली.

आकडे बाजूला ठेवू. सामान्य माणसाच्या तोंडचं ‘घोर कलियुग’ आकड्यांतून आलेलं नाही. ते पुराणांतल्या वर्णनांतून आलं आहे. भागवतात धर्म हा बैल आहे. तप, शौच, दया आणि सत्य हे त्याचे चार पाय, आणि परीक्षिताला तो भेटतो तेव्हा सत्याच्या एकाच पायावर उभा असतो. परीक्षित कलीला ठार करायला धावतो, कली शरण येतो आणि राहायला जागा मागतो. राजा त्याला द्यूत, मद्यपान, स्त्रीसंग आणि हिंसा ही ठिकाणं देतो, वर मागतो म्हणून सोनंही. यादीत जुगार पहिला. बेहड्याचं नातं अजून तुटलेलं नाही.

बाराव्या स्कंधातली कलियुगाची लक्षणं वाचताना तर कुणी शेजारी बसून कुरकुरतोय असं वाटतं. पैसा असेल तो कुलीन, जानवं तेवढं ब्राह्मणपण, केस वाढवले की सौंदर्य, आणि लांबचं पाणी म्हणजे तीर्थ. या शेवटच्या तक्रारीवर यात्रा कंपन्यांनी रागवू नये. इतिहासकार रामशरण शर्मा यांनी अशा वर्णनांत तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या खऱ्या सामाजिक उलथापालथीचा माग काढला : कर न देणारे लोक, वर्णाची कामं सोडणारे लोक. लक्षणं लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अधोगती म्हणजे बरेचदा खालच्याने वर येणं. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

त्याच पुराणपरंपरेत एक वेगळा प्रसंगही आहे. विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात काही मुनी व्यासांकडे शंका घेऊन येतात. व्यास गंगेत स्नान करताहेत. एक बुडी मारून ते वर येतात आणि म्हणतात, कली चांगला. पुन्हा बुडी, मग शूद्र चांगले. आणखी एक, मग स्त्रिया धन्य. मुनी चक्रावतात. खुलासा असा, की कृतात दहा वर्षांनी मिळणारं फळ त्रेतात एका वर्षात, द्वापरात महिन्यात आणि कलीत एका दिवसरात्रीत मिळतं. तिथे ध्यान, यज्ञ, पूजा लागायची, इथे नुसतं नाम पुरतं. शूद्रांना आणि स्त्रियांना मात्र हे फळ सेवेने मिळतं असं व्यास सांगतात, तेव्हा ही उदारता कुठवर जाते तेही दिसतं. वारकरी संतांनी त्यातला नामाचा धागा घेतला आणि सेवेची अट ढिली केली. कळिकाळाला भिण्याचं कारण नाही, ही त्यांची भाषा याच सवलतीवर उभी आहे.

धर्मशास्त्राने सवलतीऐवजी बंदीची यादी केली. तिला ‘कलिवर्ज्य’ म्हणतात : पूर्वी चालत होतं, पण कलीत करू नये असं. नियोग, अश्वमेध, वानप्रस्थ, असवर्ण विवाह, द्विजाची समुद्रयात्रा, विवाहितेचं पुन्हा लग्न. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात यावर स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. ग्रंथ खोटा म्हणायचा नाही आणि आचार मात्र बदलायचा, यासाठी याहून हुशार युक्ती सापडणं कठीण. विद्यासागरांनी १८५५ मध्ये हीच युक्ती उलटवली. पराशरस्मृती स्वतःच म्हणते की ती कलियुगासाठी आहे, आणि तिच्यात पुनर्विवाहाला वाट आहे. पुढच्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला. विष्णुशास्त्री पंडितांनी तो युक्तिवाद मराठीत आणला आणि १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे त्यावर वाद रंगला. दोन्ही बाजूंना कलियुग मान्यच होतं.

महाराष्ट्रात कलीचा सगळ्यात जड वापर मात्र दुसऱ्याच कामी झाला. नंदांच्या काळात क्षत्रिय संपले आणि कलीत ब्राह्मण व शूद्र हे दोनच वर्ण उरले, असं एक मत शास्त्रीपंडितांत रुजलं होतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाआड तेच आलं. मूळच्या पैठणच्या घराण्यातले काशीचे गागाभट्ट रायगडावर आले, महाराजांची मुंज झाली आणि ६ जून १६७४ ला अभिषेक. त्या दिवसापासून नवा राज्याभिषेक शकही सुरू झाला, पंचांगातल्या सहांच्या यादीबाहेरचा.

सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ च्या कार्तिकात, कोल्हापुरात पंचगंगेवर शाहू छत्रपतींच्या स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचं राजारामशास्त्री भागवतांनी दाखवून दिलं. जाब विचारल्यावर उत्तर ठरलेलंच होतं : शूद्राला वेदोक्त नाही. प्रकरण राजोपाध्यांचं इनाम जप्त होण्यापर्यंत गेलं. १९२० मध्ये शाहूंनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर एका मराठा तरुणाला बसवलं आणि त्याला पदवी दिली क्षात्रजगद्गुरूची.