दाननिधी, धर्मादाय
विशिष्ट लोकोपयोगी कार्यासाठी दात्याने कायम राखून ठेवलेली रक्कम वा मालमत्ता. तिचे मूळ भांडवल सामान्यतः अबाधित ठेवून केवळ उत्पन्न शिष्यवृत्ती, रुग्णसेवा, ग्रंथालय इ. ठराविक कामी खर्च केले जाते. भारतात धर्मादाय दाननिधी अधिनियम, १८९० अन्वये असा निधी शासननियुक्त कोषपालाच्या ठायी निहित करता येतो.

दात्याचा उद्देश जितका काटेकोर, तितका तो कालबाह्य होण्याचा संभव अधिक. अमेरिकेतील सेंट लूइसचे महापौर असलेले ब्रायन मलॅन्फी (मृ. १८५१) यांनी पश्चिमेकडे वसाहतीसाठी जाणाऱ्या गरजू प्रवाशांकरिता आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा ठेवला, पुढे तो ओघ आटला व त्या उद्देशासाठी निधी खर्चणे अवघड झाले. अशा वेळी न्यायालय मूळ उद्देशाशी शक्य तितक्या निकटच्या कार्यास अनुमती देते. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात (कलम ५५) तशी तरतूद आहे. क्लीव्हलँड येथे फ्रेडरिक गॉफ या बँक-व्यावसायिकाने १९१४ मध्ये स्थापिलेल्या प्रतिष्ठानात निराळा मार्ग अवलंबिला गेला : तेथे अनेक दात्यांचे निधी एकत्र सांभाळले जातात आणि एखादा उद्देश निरुपयोगी ठरल्यास प्रतिष्ठानाचे मंडळच तो बदलू शकते. त्यामुळे दात्याची इच्छा व समाजाची बदलती गरज यांचा मेळ राहतो.