स्तन्यक्षय आणि सूतिकेचे मन

मुलुंड-घाटकोपरच्या कोणत्याही आयुर्वेदीय औषधालयात सायंकाळच्या वेळी 'शतावरी कल्प द्या, बाळाला दूध पुरत नाही' ही मागणी हमखास येते. मागणारा बहुधा पती असतो, क्वचित सासूबाई. सूतिका स्वतः येत नाही. डबा दिला जातो आणि विषय तेथेच संपतो.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तन्यनाशाची कारणे सांगताना क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव ही कारणे नमूद केली आहेत. उपचार सांगताना ते प्रथम सौमनस्य उत्पन्न करावयास सांगतात; जव, गहू, लसूण, विदारीकंद, ज्येष्ठमध, शतावरी ही द्रव्ये त्यानंतर येतात. आपण हा क्रम विसरलो आहोत. मनाच्या ताणामुळे दूध स्तनातून बाहेर येण्याच्या क्रियेस अडथळा होतो, हे आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही मान्य करते.

उपनगरातील सूतिकेची स्थिती पाहावी. माहेर कोकणात वा देशावर, आई महिन्याभराने परत गेलेली, पती सकाळच्या लोकलने जाऊन रात्री परतणारा. अभ्यंग, धुरी, बाळंतकाढा सर्व यथासांग होते. परंतु तिच्याशी बोलणारे कोणी नसते. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे रडू बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. ते न ओसरता उदासी, बाळ झोपले असतानाही निद्रानाश, बाळाविषयी अनास्था अथवा अपराधी भावना टिकून राहिली, तर तो व्याधी समजावा. गोव्यातील जिल्हा रुग्णालयात २७० गर्भिणींपासून सुरू झालेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे मननीय आहे. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. त्यांपैकी बहुतेकींचे मन गरोदरपणीच खचलेले होते. दारिद्र्य, पतीशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचाही संबंध दिसून आला. ही शेवटची नाराजी पुष्कळदा आपल्या समोर बसलेल्या आजीबाईंचीच असते!

म्हणून दूध कमी असल्याची तक्रार आली की बाळाचे वजन व लघवीचे प्रमाण पाहावे, बाळ स्तन नीट धरते का ते तपासावे आणि सूतिकेस एकटीला भेटावे. १९८७ साली एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची सूची दवाखान्यात सहज वापरता येते. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारासंबंधी आहे; तो संकोचाने गाळू नये. असा विचार असल्यास, अथवा झोप पूर्ण उडून भ्रम, संशय, असंबद्ध बडबड सुरू झाल्यास त्याच दिवशी शीव किंवा कूपरसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तोवर माता व बाळ यांना एकटे ठेवू नये. हजारात एक-दोघींनाच होणारा हा विकार घृत-कल्पांवर सांभाळण्याचा मोह घातक ठरतो. मानसरोगतज्ज्ञांची औषधे चालू असल्यास ती आपल्या सल्ल्याने बंद करू नयेत.

औषधविक्रेत्या बंधूंनी डबा देताना 'बाळंतीण झोपते का, जेवते का?' एवढे जरूर विचारावे. उत्तर देताना पती घुटमळला, तर डब्यासोबत वैद्यांचे नाव आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा.