गोटा लागतो, मग कळ कुठे जाते?

आपल्याकडे कारहुणवीला बैल सजतात, तिकडे पोळ्याला. तिकडे म्हणजे विदर्भाला लागून असलेल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात. घरात मराठी, शाळेत नि कचेरीत हिंदी. आपल्यासारखीच दोन भाषांची घरे. छिंदवाड्यातून वेगळे होऊन २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. पण पांढुर्ण्याचे नाव देशभर झाले ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि तो मिळवण्यासाठी दोन्हीकडून दगड सुटतात. प्रेमी युगुलाच्या पलायनाची दंतकथा सांगतात. तिची शहानिशा इथे नको. शेकडो जखमी होतात आणि आजवर कित्येकांचे जीव गेले आहेत, एवढे मात्र खरे.

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे कुतूहल वेगळे. डोके फुटलेला तरुण पट्टी बांधून पुन्हा नदीत कसा उतरतो? लोक म्हणतात, प्यालेले असतात. काही असतीलही, पण नुसत्या दारूने हे कोडे सुटत नाही.

एरवी काय होते ते पाहा. तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, 'आई गं' नंतर. कारण हात खेचण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतूनच सुटतो. मेंदूला बातमी मागाहून कळते. ती बातमीही दोन वाटांनी जाते. एका प्रकारचे मज्जातंतू सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने धावतात, दुसरे बैलगाडीच्या चालीने, जेमतेम एक-दोन मीटर. म्हणून आधी तीक्ष्ण कळ, मग रेंगाळणारी आग. आपल्या घरात कळ, ठणका, नोवु, उरी असे वेगवेगळे शब्द सहज येतात. शरीराने हा फरक शब्दांच्या आधीच केला आहे.

मात्र कण्यापर्यंत आलेली प्रत्येक बातमी वर जातेच असे नाही. तिथे जणू एक फाटक आहे, आणि ते उघडायचे की लोटायचे यात मेंदूचाही हात असतो, अशी मांडणी मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये केली. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर बीचर या अमेरिकन डॉक्टरने गंभीर जखमी सैनिकांना विचारले, वेदनाशामक हवे का? बहुतेकांनी नको म्हटले. जिवावरच्या प्रसंगात मेंदू वेदना मागे सारतो. अफूसारखी द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते. वाघापासून पळताना लंगडत बसलो तर कसे चालेल?

गोटमारीत नेमके हेच घडत असावे. छातीत धडधड, सगळे लक्ष झेंड्यावर, काठावर आरोळ्या. दगड दिसल्यावर अंग हलवायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. एक दगड चुकवता येतो; पण त्याच्यावर नजर असताना बाजूने येणारा दुसरा दिसत नाही. तो बसतो आणि फाटक लोटलेले असल्याने कळ उठत नाही. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, रबरी चेंडू देऊन पाहिले. दगड परत आले. दुखलेच नाही म्हणणाऱ्याला 'लागेल रे' सांगून काय उपयोग? म्हणून मला वाटते, थांबवायचे तर काठावरच्या वडीलधाऱ्यांनी थांबवावे. नदीत उतरलेल्याचे शरीर त्या वेळी त्याला खरे सांगत नाही.

हे आपल्यालाही लागू आहे, कबड्डीच्या मैदानावर किंवा मोटारसायकलवरून पडल्यावर. कवटीच्या आतल्या मेंदूला स्वतःला वेदनाच कळत नाही. डोक्याला मार बसलेला मुलगा 'काही नाही झाले' म्हणाला, तरी पुढचा दिवसभर लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटके, नाका-कानातून पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या, किंवा हाक मारूनही नीट जाग न येणे, यातले एकही दिसले तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.