रत्नागिरीत पीसीची केस घेताना

केस घेताना काच नंतर बघा, आधी पुढची जाळी बघा. पुढे अख्खी काच असली की पंख्यांना हवा कमी मिळते, आवाज तेवढा वाढतो.

दुसरं, जांभ्याची लाल धूळ. मी १२० मिमीचे तीन पंखे हवा आत ओढायला लावलेत, बाहेर फेकायला एकच. आत दाब थोडा जास्त राहतो, त्यामुळे फटींतून हवा बाहेरच जाते आणि धूळ पुढच्या फिल्टरवर अडकते. हा फिल्टर स्क्रू न खोलता निघायला हवा, नाहीतर कोण साफ करतंय!

खारी, दमट हवा मात्र फिल्टरमधून सरळ आत येते. म्हणून पत्र्याच्या कडा आणि स्क्रूची भोकं तपासा. रंग नसेल तिथूनच गंज धरतो. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ तरी चालवा, आतल्या उबेने ओल टिकत नाही.