आधी वजन की आधी हृदय?

खराडीत आमच्या सोसायटीत पन्नाशीतले एक गणिताचे शिक्षक राहतात. पूर्वी ते रोज संध्याकाळी नदीपर्यंत चालत जात. आता दहा पायऱ्या चढल्या की थांबतात. पाय सुजतात आणि रात्री सपाट झोपले की दम लागतो, म्हणून तीन उशा घ्याव्या लागतात. त्यांचे हृदय इतके दुबळे झाले आहे की हृदयरोपणाचा विचार करायला हवा, असे डॉक्टरांनी सांगितले. पण लगेच हेही सांगितले, की आधी पंचवीस किलो वजन उतरवा.

सरांनी मला विचारले, "चालता आले असते तर वजन उतरवलेच असते की! चालता येत नाही म्हणून तर हृदय हवे. मग सुरुवात कुठून करायची?"

प्रश्न तर्कशुद्ध आहे. त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि थोडे अंकगणितही आहे.

पंचवीस किलो कुठून आले?

वजन किलोग्रॅममध्ये घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. येणाऱ्या संख्येला देहभार निर्देशांक म्हणतात. सरांची उंची १.६५ मीटर, वजन १२० किलो. म्हणजे १२० भागिले २.७२, उत्तर सुमारे ४४. हृदयरोपण करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ साली दिलेल्या शिफारशींनुसार, प्रतीक्षायादीत नाव घालण्यापूर्वी हा निर्देशांक ३५ किंवा त्याखाली आणावा. ३५ गुणिले २.७२ म्हणजे सुमारे ९५ किलो. वजाबाकी केली की पंचवीस उरतात.

ही अट शिक्षा म्हणून नाही. अतिस्थूल रुग्णात जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शिवाय मोठ्या देहाला पुरेसे रक्त पुरवू शकेल असे हृदय मिळायला हवे, त्यामुळे प्रतीक्षा लांबते. आणि दान मिळणारी हृदये मुळातच फार थोडी असतात.

हृदय थकते म्हणजे काय?

'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, तर ते शरीराच्या गरजेला पुरे न पडणे. निरोगी हृदयाच्या डाव्या जवनिकेत सुमारे १२० मिलिलिटर रक्त भरते आणि एका ठोक्याला त्यातले ७० मिलिलिटर बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ पाच लिटर झाले. आजार खूप बळावलेल्या अनेक रुग्णांत भरलेल्या रक्ताचा तिसरा हिस्साही बाहेर फेकला जात नाही.

चरबी ही निर्जीव गाठोडी नाही. तिलाही रक्त लागते. देह वाढला की रक्ताचे आकारमान वाढते आणि हृदयाचे कप्पे ताणले जातात. इथे एक प्रयोग वर्गात जरूर करा. लांबट फुगा अर्धाच फुगवा आणि फुगलेला भाग व शेपटीकडचा भाग बोटाने दाबून पाहा. आत हवेचा दाब सगळीकडे सारखाच आहे, तरी फुगलेला भाग ताठ आणि शेपटी मऊ लागते. दाब तोच असताना त्रिज्या वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो, हा लाप्लासचा नियम आहे. फुगलेल्या हृदयाच्या स्नायूला याच कारणाने प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो आणखी थकतो. सगळ्यांचे हृदय स्थूलतेमुळेच दुबळे होते असे मात्र नाही. हृदयविकाराचा झटका, उच्च रक्तदाब, झडपांचे आजार हीही मोठी कारणे आहेत.

जठर लहान करण्याचा मार्ग

व्यायाम शक्य नसेल तर शस्त्रक्रियेने वजन उतरवता येईल का? यासाठी बहुधा जठराचा लांबट, बाहेरच्या बाजूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. थोडे खाल्ले की पोट भरते, पण फायदा तेवढाच नाही. भुकेचा निरोप मेंदूला पोचवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधले. ते मुख्यतः जठराच्या याच काढून टाकलेल्या भागात तयार होते. त्यामुळे भूकही मंदावते. आतड्याचा मार्ग बदलणारी दुसरी शस्त्रक्रिया आहे, पण तिच्यात औषधांचे शोषण बदलू शकते. रोपणानंतर औषधांची रक्तातली पातळी काटेकोर राखावी लागते, म्हणून अशा रुग्णांत सहसा पहिली पद्धत पसंत करतात.

आता धोका पाहू. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका दाब ठेवतात. हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरांमधला दाब याहून कमी असतो. साहजिकच परतणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. शिवाय हा वायू रक्तात विरघळून रक्त आम्लधर्मी करतो. निरोगी हृदय हे सोसते, दुबळे हृदय कोलमडू शकते. म्हणून हृदयरोगाची भूल देणारे तज्ज्ञ आणि सुसज्ज अतिदक्षता विभाग असेल तिथेच हे करायचे. काही रुग्णांना आधी हृदयाला जोडणारा यांत्रिक पंप बसवतात. पण मग रक्त पातळ ठेवावे लागते आणि रक्तस्रावाची भीती वाढते.

पुरावा किती भक्कम?

हृदय फारच दुबळे असलेल्या रुग्णांवरचे अनुभव बहुतांशी लहान लहान गटांचे आहेत. काहींचे वजन उतरून त्यांना हृदय मिळाले. थोड्यांचे हृदय इतके सुधारले की रोपण टळले. काहींना गंभीर गुंतागुंत झाली, काही दगावले. यशाच्या बातम्या जास्त छापल्या जातात, हेही ध्यानात घ्यावे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या स्थूल व्यक्तींत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. पण ती माणसे सरांइतकी आजारी नव्हती. एका गटाचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

मुंबईत २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया आठवत असेल. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले होते. जठर लहान केल्यावर वजन बरेच उतरले, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचे निधन झाले. कारणांत हृदय व मूत्रपिंडाचे विकार होते. वजन उतरले म्हणजे सगळे संपले, असे होत नाही.

आता औषधेही आली आहेत. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनने ५२ आठवड्यांत सरासरी १३ टक्के वजन उतरल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले, आणि रुग्णांचा दमही सुधारला. मात्र त्या रुग्णांचे हृदय ताठर झालेले होते, आकुंचनात दुबळे नव्हते. आणि १२० किलोचे १३ टक्के म्हणजे सोळाच किलो!

काटा काय सांगत नाही

निर्देशांकात वजन मोजले जाते, चरबी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपलेच छायाचित्र छापले. दोघांचा निर्देशांक २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून भारतीयांसाठी स्थूलतेची सीमारेषा ३० ऐवजी २५ धरतात.

सरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. सुजलेल्या पायांतले पाणीही काट्यावर चढते. लघवी वाढवणाऱ्या औषधांनी त्यांचे वजन आधी सात किलोने उतरले. ते चरबीचे नव्हते, पाण्याचे होते. पण त्यामुळे रात्री एक उशी कमी झाली. राहिले अठरा. आता हृदयतज्ज्ञ, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकत्र बसून औषध की शस्त्रक्रिया हे ठरवणार आहेत.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली देशातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. २०१५ साली पुण्यात दान झालेले हृदय विमानाने मुंबईला नेऊन यशस्वीपणे बसवले गेले. मधे सत्तेचाळीस वर्षे गेली. सरांकडे तेवढा वेळ नाही. पण ते म्हणतात, "गणित अवघड असले तरी पहिली पायरी सापडली की धीर येतो."

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा : १.६५ मीटर उंचीच्या दोन व्यक्तींचे वजन ९५ किलो आहे. एक पहिलवान आहे, दुसऱ्याचे पाय सुजलेले आहेत. दोघांचा निर्देशांक काढा, आणि तो काय सांगतो व काय सांगत नाही ते लिहा.