चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ



चंद्रावर यान उतरवायचे म्हणजे विहिरीत दगड सोडावा तसे वरून सोडून द्यायचे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. चंद्राभोवती फिरणारे यान सरळ खाली येत नसते, ते आडवे धावत असते. आपले चांद्रयान-3 दि. 23 ऑगस्ट 2023 रोजी सायंकाळी उतरू लागले, तेव्हा ते सुमारे 30 किलोमीटर उंचीवर होते आणि त्याचा वेग सेकंदाला 1.68 किलोमीटर होता. म्हणजे यवतमाळहून वर्धा एका मिनिटाच्या आत! हा आडवा वेग आधी मारायचा आणि मग खाली टेकायचे. सगळी मेख इथेच आहे.

आता वेग मारायचा कसा? उतारावर भरलेली बंडी आवरायला बैल असतात, चाक घासायला जमीन असते. चंद्राच्या वर तर हवासुद्धा नाही, म्हणून हवाई छत्री तिथे कुचकामाची. ज्या दिशेने जातो त्याच दिशेला इंजिनाचा झोत सोडून मागे रेटा घ्यायचा, एवढेच साधन. मंगळावर हवा आहे, पण फार विरळ. छत्रीने बराच वेग कमी होतो, सगळा होत नाही. शुक्रावर ती इतकी दाट, की 1970 साली तिथे पोहोचलेल्या रशियाच्या व्हेनेरा-7 या यानाला उतरताना हवेचाच आधार झाला. जसा ग्रह, तशी उतरण्याची रीत.

हे सारे संगणकावरच्या एका खेळात मुलांना हाताने करून पाहता येते. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हे त्याचे नाव. तो 2015 साली पूर्णत्वाने बाजारात आला. त्यातले ग्रह काल्पनिक, पण गतीचे नियम बरेचसे खरे. पोरं आधी याने फोडतात, आणि फोडता फोडता शिकतात. खेळांना वाया गेलेला वेळ म्हणणारी मंडळी आहेत. मी त्यांच्यातला नाही.

खरे यान मात्र दुसऱ्यांदा सुरू करता येत नाही. दि. 7 सप्टेंबर 2019 च्या मध्यरात्रीनंतर चांद्रयान-2 चे विक्रम चंद्रावर आदळले. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी 2023 मध्ये कारणे सांगितली. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर दिला, चुका साठत गेल्या. त्या सुधारायला यानाला झटकन वळायचे होते, पण किती वेगाने वळावे याला आज्ञावलीने मर्यादा घातली होती. उतरण्याची जागा तर फक्त 500 मीटर लांब-रुंद! ती गाठण्याच्या नादात, जमीन जवळ आली असताही, यान वेग वाढवीत राहिले. निरोप पाठवून सावरावे, तर तो जायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला तेवढाच. यानाला आपले आपणच ठरवावे लागते. पुढच्या खेपेस जागा चार किलोमीटर लांब आणि सुमारे अडीच किलोमीटर रुंद धरली, इंधन वाढवले, पाय भक्कम केले.

पण गुरुजी म्हणतील, आमच्या शाळेत संगणक कुठला? हरकत नाही. 1969 साली माणूस चंद्रावर उतरल्यावर काही महिन्यांतच जिम स्टोरर नावाच्या अमेरिकन शाळकरी मुलाने असाच खेळ रचला. त्यात चित्र नव्हते, नुसते आकडे. आकडे तर फळ्यावरही मांडता येतात.

फळ्यावर लिहा: उंची 1000 मीटर, खाली येण्याचा वेग सेकंदाला 40 मीटर, इंधन 120 माप. आडवा वेग मेला आहे असे धरा. एक डाव 5 सेकंदांचा. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी, म्हणून दर डावात वेग 8 ने वाढतो. एक माप इंधन जाळले की वेग 1 ने घटतो. एका डावात 20 मापांहून जास्त जाळायचे नाही. जुना आणि नवा वेग यांची सरासरी काढून 5 ने गुणा. तेवढी उंची कमी करा. उंची संपली की यान टेकले. त्या डावाचा नवा वेग 3 किंवा कमी असेल तर यान वाचले. विक्रमचे पायही सेकंदाला 3 मीटर वेग सोसतील असे केले होते.

भित्रा मुलगा पहिल्यापासून इंजिन चालवील. वेग 8 वर आणून तो सावकाश उतरेल, आणि 340 मीटर उंचीवरच त्याचे इंधन संपेल. धाडशी मुलगा पहिले दोन डाव इंजिनाला हात लावणार नाही. मग पुढे कितीही जाळले तरी आपटणारच. पहिला डाव नुसते जाऊ देऊन पुढे 8, 20, 20, 20, 8, 17 असे जाळून पाहा: एकूण 93 मापे. यान शेवटी 3 च्या वेगाने टेकते आणि 27 मापे शिल्लक राहतात. यापेक्षा जास्त शिल्लक कोण राखतो, ते वर्गाला विचारा.