पाणी कुठवर येईल?

गोदावरीला आमच्याकडे गंगाखेड तालुक्यात गंगाच म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सोडले, तेव्हा आजी विचारत होती, "गोठ्यापस्तोर येतंय का रं?" कुणालाच सांगता येईना. रात्री पाणी आलेच. म्हैस वाचली, कडबा भिजला.

गुरुजी म्हणाले, हे संगणकावर काढता येते. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाची उंची द्यायची. मग संगणक उंच चौकोनातले पाणी शेजारच्या खालच्या चौकोनात सोडत जातो. काळी माती किती पाणी पिईल तेही धरतो.

आम्ही मैदानात मातीचे गाव करून तांब्याने पाणी ओतले. गोठा कोरडाच! मी नव्या रस्त्याचा भराव विसरलो होतो. तो घातला, तर पाणी अडून गोठ्यात शिरले. संगणकाला हा भराव कुणी सांगितलाय का, ते बाबा तालुक्याला विचारणार आहेत.